चाकांवरचे बिऱ्हाड

श्रोतेहो, ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ अशी एक म्हण आपल्याकडे आहे. बदलीच्या नोकरीत असणाऱ्या माणसाला आपण ती थट्टेने ऐकवतो, आणि तोही हसून घेतो. पण आमच्या रेणापूर भागात या म्हणीचा अर्थ दरवर्षी रस्त्यावर प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. दसरा आटोपला, रेणुकामातेची यात्रा पांगली, की लातूर-अंबाजोगाई रस्त्यावरून ऊसतोडीच्या टोळ्या जाऊ लागतात. काही बीड जिल्ह्यातून येतात, काही आमच्याच तालुक्यातील वाड्या-तांड्यांवरून निघतात. कोणी जवळच्या रेणा किंवा मांजरा कारखान्यावर उतरतात, तर कोणी थेट कर्नाटकात जातात. पुढे एक ट्रॅक्टर, मागे एक किंवा दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत कोपीचे बांबू, चटया, ताडपत्री, ज्वारीची पोती, पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, गॅसची टाकी, एखादी शेळी, दोनचार कोंबड्या. आणि या सगळ्याच्या वर, अगदी शेंड्याला, बायामाणसे आणि लेकरे!

आता पाहा, अमेरिकेत आणि युरोपात हौसेने चाकांवर घर करणारे लोक आहेत. मोटारीतच बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी. अशा गाडीला कॅरव्हॅन किंवा मोटारघर म्हणतात. आपल्या महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. असे मोटारघर विकत घेणाऱ्याच्या हाती गाडीबरोबर एक माहितीपुस्तिका पडते. वजन किती घालावे, जड वस्तू कोठे ठेवावी, गॅस केव्हा बंद करावा, टायरात हवा किती असावी, सारे त्यात लिहिलेले असते. आणि आमच्या ट्रॉलीतल्या बिऱ्हाडाला? त्याला अशी पुस्तिका कोणी दिलेली नाही. सहलीला जाणाऱ्यासाठी इतकी काळजी, मग पोटासाठी जाणाऱ्याला ती नको काय? आजचे माझे भाषण म्हणजे त्या न मिळालेल्या पुस्तिकेची चार पाने आहेत, असे समजावे.

मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. यंत्रे हा काही माझा विषय नव्हे. परंतु ट्रॅक्टरवरचे चालक, गॅरेजातले मिस्त्री आणि टोळीवर जाऊन आलेली माझ्या वर्गातली मुले यांच्याशी बोलून जे कळले, आणि शाळेतल्या पदार्थविज्ञानाने ज्याला दुजोरा दिला, तेवढेच मी सांगणार आहे.

पहिली गोष्ट वजनाची. ट्रॉली उलटते ती केवळ वजन फार झाले म्हणून नव्हे. वजन फार उंच गेले म्हणूनही उलटते. ज्वारीची पोती, पेट्या, अवजारे ही जड वस्तू तळाला आणि मधोमध असावीत. चटया, अंथरुणे, रिकामी भांडी वर चालतील. डाव्या बाजूला पोती आणि उजव्या बाजूला नुसत्या गोधड्या असे झाले, तर खड्डा आला की गाडी जड बाजूला कलते. सगळे ओझे मागच्या फळीकडे लोटले, तर दोन चाकी ट्रॉलीची दांडी वर उचलू पाहते, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि त्यांची पकड जाते. म्हणून अशा ट्रॉलीत भार चाकाच्या आसावर आणि किंचित पुढे असावा.

पाण्याची गोष्ट वेगळी आहे. दोनशे लिटरचा ड्रम भरला की दोनशे किलो झाले. बरे, तो अर्धा भरलेला असेल तर आणखी वाईट, कारण वळणावर पाणी एका अंगाला धावते आणि गाडीलाही तिकडेच ओढते. ड्रम रिकामा न्यावा. पिण्यापुरते पाणी लहान कॅनमध्ये, झाकण घट्ट लावून घ्यावे. बांबू आडवे, लांबीच्या बाजूने, दोन ठिकाणी दोराने आवळून बांधावेत. ते उभे राहिले तर वरच्या विजेच्या तारेला लागू शकतात, आणि मागे फार बाहेर आले तर अंधारात येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या छातीच्या उंचीला येतात. कोयते पोत्यात गुंडाळून पेटीत बंद करावेत. गॅसची टाकी उभी ठेवून बांधावी, रेग्युलेटर काढून ठेवावा, टोपी लावावी. आणि डिझेलचा कॅन तिच्या शेजारी मुळीच नको.

दुसरी गोष्ट जोडणीची. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना एकत्र धरून ठेवणारी वस्तू कोणती? मनगटाएवढी एक लोखंडी पिन! ती झिजली असेल, किंवा तिच्या खालची अडकवणची क्लिप हरवून तिथे तार गुंडाळलेली असेल, तर साऱ्या बिऱ्हाडाचे दैव त्या तारेवर लटकत असते. क्लिपेची किंमत ती काय? चहापाण्याची! पिनेबरोबर एक मजबूत साखळीही दांडीला असावी, म्हणजे पिन निसटलीच तर ट्रॉली सुटून पळत नाही. ट्रॉली जोडताना ट्रॅक्टर मागे येत असतो, आणि दांडी धरायला कोणीतरी मध्ये उभा राहतो. पुष्कळदा तो मदतीला आलेला पोरगा असतो. ट्रॅक्टर पूर्ण थांबल्याशिवाय मध्ये कोणी जायचे नाही, हा नियम घरातल्या देव्हाऱ्याइतका पाळला पाहिजे.

तिसरी गोष्ट ब्रेकांची. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शेतात जागच्या जागी वळण्यासाठी ती सोय आहे. रस्त्यावर मात्र दोन्ही पायट्या खिटीने एकत्र जोडाव्याच लागतात. ती खिटी लावायची राहिली आणि घाईत एकच पायटी दाबली गेली, तर ट्रॅक्टर एका बाजूला गर्रकन वळतो, आणि मागची ट्रॉली त्याला ढकलत येते. त्यातून पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतातच. सगळ्या ओझ्याला थांबवायचे काम एकट्या ट्रॅक्टरचे.

येथे थोडे गणित सांगतो, कंटाळू नका. वेग दुप्पट केला की गाडीच्या अंगातला जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी २० किलोमीटरने चाललेली ट्रॉली ब्रेक दाबल्यावर जेवढ्या अंतरात थांबते, त्याच्या साधारण चौपट अंतर तिला ताशी ४० च्या वेगात लागते. शिवाय चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. वळणावर बाहेर फेकणारा जोरही याच हिशेबाने चौपट होतो. म्हणून बालाघाटचे डोंगर उतरताना जुने चालक एक साधा नियम सांगतात: ज्या गिअरात चढला असतास, त्याच गिअरात उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे म्हणजे चार पैशांसाठी चाळीस जीव पणाला लावणे होय.

चौथी गोष्ट निगेची. निघण्याच्या आदल्या दिवशी उजेडात पाहणी करावी. टायर थंड असताना हवा तपासावी. दोन्ही बाजूंना सारखी हवा हवी. चाकाचे नट आवळावेत, आणि पहिल्या मुक्कामावर पुन्हा एकदा आवळावेत, कारण नव्याने बसवलेले चाक थोडे चालल्यावर सैल पडते. आसाला ग्रीस द्यावे. वाटेत थांबल्यावर प्रत्येक चाकाच्या मध्यभागाजवळ हाताची मागची बाजू न्यावी. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलेले लागले, तर आतली बेअरिंग तक्रार करीत आहे असे समजावे. तिथेच थांबावे. तिने पुढे रडायचे, की आपण?

पाचवी गोष्ट दिसण्याची. ट्रॅक्टरच्या पुढे दिवा असतो. ट्रॉलीच्या मागे पुष्कळदा काळोख असतो. पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या आणि मागे लाल परावर्तक पट्ट्या असाव्यात. हंगामाच्या तोंडावर त्या लावण्याच्या मोहिमा निघतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पट्टीवर चिखल बसला, किंवा लटकणाऱ्या चटईने ती झाकली, तर पट्टी असून नसल्यासारखीच. रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने ती पुसावी. शक्य तर सूर्य मावळल्यावर चालूच नये. आणि चालकदादांना एक विनंती: गाण्यांचा कर्णा जरा हळू ठेवा. मागच्या गाडीचा हॉर्न आणि ट्रॉलीवरून कोणी मारलेली हाक, दोन्ही तुम्हांला ऐकू आली पाहिजेत. थांबायचे तर रस्त्याच्या कडेला नव्हे, रस्ता सोडून आत थांबावे. चाकांना पुढून-मागून दगडाची किंवा लाकडाची उटी लावावी. सावली मिळते म्हणून ट्रॉलीखाली कोणी निजू नये, आणि चूल ट्रॉलीपासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून पेटवावी.

श्रोतेहो, इथवर सांगितले ते सारे सामानाविषयी. माणसांविषयी मात्र मला एकच सांगायचे आहे, आणि खरे म्हणजे त्यासाठीच मी हा विषय घेतला. बिऱ्हाड ट्रॉलीतून जाऊ द्या. माणसे मात्र ट्रॉलीतून जाऊ नयेत. वर सांगितलेली प्रत्येक दक्षता घेतली, तरी सामानाच्या ढिगावर बसलेल्या लेकराला धरायला काही नसते. ट्रॉली नुसती कलली तरी ते खाली येते, आणि त्याच्यावर पोती येतात.

मालवाहू गाडीतून प्रवासी नेण्यास कायद्याची मनाई आहे, हे अनेकांना माहीत असते. पण त्याचा एक परिणाम फार थोड्यांना माहीत असतो. मालवाहू गाडीतून फुकट प्रवास करणाऱ्याच्या नुकसानभरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिलेला आहे. म्हणजे अपघात झाल्यावर ट्रॅक्टरचा विमा असूनही त्या कुटुंबाच्या हाती काही न येण्याचा संभव असतो.

आणि आता माझ्या अर्थशास्त्राकडे येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, हा ऊसतोडीतला हिशेब. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती या जोडीच्या नावावर. जोडीतला एक जण ट्रॉलीवरून पडून अंथरुणाला खिळला, की कोयता मोडला. काम थांबते, मजुरी थांबते. उचल मात्र थांबत नाही. ती अंगावर राहते, आणि पुढल्या हंगामात तीच फेडण्यासाठी कधी वडील मुलगा, कधी धाकटी मुलगी शाळा सोडून फडात उतरते. दिवाळीनंतर माझ्या वर्गातले काही बाक रिकामे होतात. त्यांतल्या प्रत्येकामागे अपघातच असतो असे नव्हे; पण अशा कर्जांची गोष्ट मी त्या मुलांच्या तोंडून ऐकली आहे. ट्रॉलीवरून पडणे हा एका क्षणाचा अपघात. त्याचे व्याज मात्र वर्षानुवर्षे चालते.

मग उपाय काय? तो महागडा नाही. बारा कोयत्यांची टोळी धरा. चोवीस मोठी माणसे, आणि बारापंधरा लेकरे. चाळिसाच्या आतबाहेर संख्या झाली. एसटीच्या एका गाडीत एवढी माणसे मावतात, आणि लग्नाच्या वऱ्हाडासाठी आपण जशी एसटी प्रासंगिक करारावर ठरवतो, तशीच ती टोळीसाठीही ठरवता येते. वऱ्हाडाला बस आणि मजुराला ट्रॉली, हा भेद कोणत्या शास्त्रात सांगितला आहे? जाताना एकदा आणि येताना एकदा, एवढाच तो खर्च. मुकादमाशी बोलणी होतात त्याच दिवशी ही अट घालावी, कारण मजुराच्या शब्दाला सर्वांत जास्त वजन असते ते त्याच दिवशी. एकदा ट्रॉली भरली की त्याचे कोण ऐकतो? ट्रॅक्टरमालकांनी आणि कारखान्यांनीही हा खर्च वाहतुकीच्या खर्चातलाच मानावा. ज्यांना मुलांना मागे ठेवणे शक्य आहे, त्यांनी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ साली मंजूर झालेल्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात अवश्य करावी. मूल वसतिगृहात राहिले, तर त्याची शाळा टिकते आणि ट्रॉलीचा प्रवासही चुकतो.

गावातल्या शिक्षकांनी, सरपंचांनी, सोसायटीच्या मंडळींनी एवढे करावे: टोळी निघण्याच्या आदल्या दिवशी तासभर वेळ काढून ट्रॉलीपाशी जावे. पिन पाहावी, क्लिप पाहावी, मागची पट्टी पुसावी, आणि माणसे कशातून जाणार आहेत, हे मुकादमाला चारचौघांत विचारावे. चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. येत्या दसऱ्याला आपल्या गावातून जी पहिली टोळी निघेल, तिच्यापासूनच ही रीत सुरू करावी, अशी माझी आपणां सर्वांस हात जोडून विनंती आहे.