उघडणारी खाट आणि मुरणारे पाणी



या व्यासपीठावर थोर विषय पुष्कळ होतात. आमचा विषय एका कुजलेल्या खाटेचा आहे. २०२१ साली राज्य शासनाने कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि चाकांवरच्या घराची गोष्ट आपल्याही कानांवर पडू लागली. त्यातला एक प्रकार असा : मधला सांगाडा पक्क्या भिंतींचा, आणि मुक्कामाला पोचल्यावर मागची भिंत खाली पाडली की तीच खाट, वर कॅनव्हासची कनात. मोटारीमागे जोडायची अशी एक गाडी आम्ही मित्रांनी मिळून घेतली व मुकुंदवाडीत मोकळ्या जागेत उभी केली. दुसरा पावसाळा सरल्यावर खाट उघडली, तो कुबट वास आला. अंगठ्याने दाबले, तर प्लायवूड भिजल्या भाकरीसारखे दबले.

आम्ही काय केले? वरून रंगाचा हात दिला! ओल आतच कोंडली आणि पुढच्या पावसात कुजकी जागा दुप्पट झाली.

मराठवाड्यातल्या माणसाने तरी ही चूक करू नये. धाब्याच्या घराला भेग पडते एका कोपऱ्यात, आणि पाणी तुळईच्या कडेने जाऊन ठिबकते भलतीकडेच, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. आमचेही तेच निघाले. मिटलेली खाट भिंतीसारखी उभी असते. बिजागऱ्या खाली, कड्या वर. ओल होती बिजागऱ्यांपाशी, पण पाणी शिरत होते वरच्या कडीच्या स्क्रूंच्या भोकांतून. ते सापडले असे : एकाने बाहेरून झारीने पाणी सोडायचे, दुसऱ्याने आत बॅटरी घेऊन बसायचे. पाणी खालून वर चढवत न्यावे. एकदम माथ्यावर ओतले, तर सगळ्याच फटी गळतात आणि चोर कोणता ते कळत नाही.

आता ठिगळ मारावे की मूळ फळी कापावी, यावर आमच्यात कडाक्याचे वाद झाले. खर्चाचा प्रश्न होताच. परंतु ही खाट अधांतरी असते, तिचा भार त्या बिजागऱ्यांवर आणि खालच्या दोन तिरक्या दांड्यांवर, आणि तिच्यावर निजतात आमची मुले. तेव्हा दाभणाने टोचत गेलो. जिथे दाभण शिरेना, त्याच्याही चार बोटे पुढे करवत चालवली. मग पंधरा दिवस सांगाडा उघडा टाकला. लाकडात शेकडा वीसच्या वर ओल राहिली की बुरशी जगते. आपला वैशाख तिला जगू देत नाही, एवढे उपकार त्याचे मानलेच पाहिजेत.

नवे प्लायवूड आयएस ७१० छापाचे, म्हणजे पाण्यात न सुटणाऱ्या डिंकाचे घेतले. तरीही त्याची कापलेली कड पाणी पिते. म्हणून बसवण्याआधीच कडांना व प्रत्येक भोकाला इपॉक्सी पाजले. कडीखाली ब्युटिलची चिकट पट्टी घातली. कॅनव्हास ओला असताना मिटायचा नाही. मिटावाच लागला, तर घरी येताच उघडायचा, असेही ठरले.

मुलांना मात्र लगेच चढू दिले नाही. पन्नास-पन्नास किलोंची गव्हाची चार पोती रात्रभर खाटेवर ठेवली आणि आम्ही आळीपाळीने कंदील घेऊन खाली डोकावत राहिलो. सकाळी दोरी ताणून पाहिली. फळी तसूभरही वाकली नव्हती.