ऋतू बदलतो, कातडी सोसते

(दिल्ली विभागातील रेल्वे कामगारांच्या आरोग्य मेळाव्यातील भाषण)



पगार, बदली, पेन्शन यांवर आपण नेहमीच बोलतो. आज कातडीच्या रोगांवर बोलतो. मी डॉक्टर नाही, मॅट्रिक झालेला कामगार आहे. पण लाजेपोटी हे दुखणे लपवणारे कामगार मी गाझियाबादपासून तुघलकाबादपर्यंत पाहिले आहेत.

दिल्लीची हवा टोकाची. मे-जूनमध्ये पारा 45 अंशांवर जातो. रुळांवर काम करणाऱ्याच्या अंगाला घाम चिकटतो, घामाची छिद्रे बुजतात आणि घामोळे उठते. जूनअखेर पाऊस येतो, हवा दमट होते. ओले बूट, ओले मोजे दिवसभर पायात राहतात. गावाकडे शेतात होतात त्याच चिखल्या इथे खडीवर होतात. जांघेत, कमरेला गजकर्ण पसरते. डिसेंबर-जानेवारीत कोरडी थंडी. कातडीतील ओलावा जातो, टाचांना भेगा पडतात, सोरायसिस वाढतो. त्यात कढत पाण्याची आंघोळ कातडी आणखी कोरडी करते. थंडीत लोक दाटीने झोपतात, एकच पांघरूण अनेकजण वापरतात, म्हणून खरूजही फैलावते. खरजेचे औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावे लागते, नाहीतर ती फिरून येते.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपला माणूस सिकमध्ये गेला तर भत्ता बुडेल म्हणून केमिस्टकडून ट्यूब आणतो. तिच्यात बहुधा स्टिरॉइड असते. चार दिवसांत खाज थांबते, लाली जाते. बुरशी मात्र आत पसरत राहते. ट्यूब बंद केली की दुप्पट जोराने उठते. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा आदेश केंद्र सरकारने 2018 मध्ये काढला. तरी ती सर्रास मिळतात. आज नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारे गजकर्ण देशभर दिसते. त्या बुरशीच्या एका जातीला 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे भारतावरून नाव दिले. ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे!

म्हणून माझे सांगणे असे. चट्टा उठला की रेल्वेच्या डॉक्टरांना दाखवा, आपले काम काय ते सांगा आणि तशी नोंद करून घ्या. बरे वाटले तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध घ्या. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा. थंडीत आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा. भेगांना आपले कोकमाचे तेल चांगले.

पण सगळा भार कामगारावर टाकून चालणार नाही. पावसाळ्यापूर्वी बुटांचे दोन जोड, कामाच्या जागी धुण्यापुरते स्वच्छ पाणी, ओले कपडे बदलायला खोली आणि रनिंग रूममध्ये प्रत्येकाला धुतलेले पांघरूण, या आपल्या मागण्या आहेत. कंत्राटी बांधवांना ईएसआय लागू असेल, तर ठेकेदाराने त्यांचे कार्ड काढले का, हेही प्रत्येक शाखेने तपासावे.

घामाने भिजलेली कातडी ही कामगाराची लाज नाही. तिची काळजी घेणे हा त्याचा हक्क आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!