टळलेल्या अपघाताचा हिशोब
(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेतील भाषण)



बचत, कर्ज, परतफेड यांचा हिशोब आपण चोख ठेवतो. आज एक वेगळा हिशोब मांडते. जो अपघात झालाच नाही, त्याची किंमत किती?

तुम्ही म्हणाल, जिवाची कुठं किंमत करतात का? खरंय. पण किंमत मांडली नाही, की खर्चाच्या यादीत जीव शून्य धरला जातो. मग वळणावर गतिरोधक मागितला की "निधी नाही" एवढंच उत्तर मिळतं.

हिशोबाची एक रीत अशी, की माणूस गेला म्हणजे त्याची कमाई बुडाली. मग घर सांभाळणाऱ्या बाईचं काय? २००१ साली लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गृहिणीच्या कामाचं मोल महिन्याला ३,००० रुपये धरलं. म्हणजे आपले कष्ट कोर्टानंही पैशात मोजलेत.

दुसरी रीत आपल्या गटासारखी आहे. समजा, एका उपायानं हजार जणींमागे एकीचा जीव वाचतो. कोणाचा, ते आधी कळत नाही. त्यासाठी प्रत्येकीनं ५०० रुपये द्यायची तयारी दाखवली, तर एका जिवामागे ५ लाख झाले. उपायाचा खर्च त्याहून कमी असेल, तर तो करायलाच हवा. पण गरिबीमुळं कुणी ५० च देऊ शकली, तर तिचा जीव स्वस्त होतो का? नाही! म्हणून ही किंमत सगळ्यांना सारखीच धरली पाहिजे.

आता आपल्या हातातलं बोलू. जागतिक आरोग्य संघटना सांगते, नीट बांधलेल्या हेल्मेटमुळं मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्के कमी होतो. दुचाकीवर मागं बसणाऱ्यालाही कायद्यानं ते सक्तीचं आहे. तरी घरात हेल्मेट एकच, आणि मागं बसतो आपण, पदर सावरत!

वर्षाला २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा जरूर काढा. अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख मिळतात. पण विमा पैसे देतो, माणूस परत देत नाही.

म्हणून दोन गोष्टी सुचवते. आयएसआय छापाच्या हेल्मेटसाठी गटातून छोटं अंतर्गत कर्ज द्यावं. आणि गावातल्या धोक्याच्या जागांची यादी करून ग्रामसभेत ठराव मांडावा, खर्चाच्या आकड्यासकट. आकडा घेऊन गेलेल्या बाईला रिकाम्या हाती परत पाठवणं अवघड जातं.