परसातील भाजी, घरचे बी



परभणी जिल्हा म्हटला, की डोळ्यांसमोर उभी राहते ती गोदावरी-पूर्णेच्या खोऱ्यातील काळी कसदार जमीन आणि तिच्यावरील कापूस, सोयाबीन व ज्वारी. अशा भूमीत राबणाऱ्या शेतमजुराच्या ताटात मात्र हिरवी भाजी अनेकदा आठवडी बाजारानंतर दोन-तीन दिवसच दिसते. पुढचे दिवस पिठल्यावर आणि चटणीवर निभावतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांनुसार प्रौढ माणसाच्या समतोल आहारात दररोज सुमारे 400 ग्रॅम भाज्या असाव्यात. पाच माणसांच्या घरात हा हिशेब दोन किलोंच्या आसपास जातो. रोजंदारीवरील कुटुंबाने एवढी भाजी विकत आणावी, असे सांगणे सोपे आहे.

परसबाग ही सारी उणीव भरून काढील, असे नाही. तथापि तिला पैसा फारसा लागत नाही, हे निश्चित. खत घरचे, कष्ट घरचे, कुंपणाला बाभळीच्या काट्या. खरा प्रश्न उरतो तो पाण्याचा आणि बियाण्याचा.

पाण्याचे उत्तर मोरीपाशी आहे. धान्य व भाजी धुतलेले पाणी मेथी-पालकाच्या वाफ्यास द्यावे. साबणाचे पाणी अळू आणि केळीकडे वळवावे. काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते व मुळे कुजतात, म्हणून वाफे वीतभर उंच करावेत. वैशाखात पालेभाज्यांचा हट्ट धरू नये. त्या दिवसांत मोरीकाठचे अळू आणि कुंपणालगतचा शेवगा यांच्यावरच भिस्त ठेवणे शहाणपणाचे.

बियाण्याची कथा मात्र खास परभणीची आहे. भेंडीवर पडणारा केवडा रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात आणि झाड निकामी होते. ‘पुसा सावनी’ हा एके काळचा लोकप्रिय वाण या रोगापुढे टिकेनासा झाला. तेव्हा 1972 साली परभणीत स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी भेंडीच्या एका रानटी भाऊबंदाशी तिचा संकर घडवून, पुढे पिढ्यानुपिढ्या निवड करीत 1980 नंतरच्या दशकात ‘परभणी क्रांती’ हा वाण सिद्ध केला. (2013 पासून या विद्यापीठास वसंतराव नाईक यांचे नाव आहे.) आज त्याची रोगप्रतिकारशक्ती पूर्वीइतकी राहिलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु गरिबाच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण अद्याप कायम आहे. तो स्थिर केलेला सरळ वाण आहे. बाजारातील संकरित बियाण्याचे गुण पुढच्या पिढीत विखुरतात आणि दरवर्षी नवी पुडी घ्यावी लागते. परभणी क्रांतीचे बी घरी धरता येते.

त्यासाठी दोन निरोगी झाडे निवडून त्यांच्यावरील चार-पाच भेंड्या तोडू नयेत. त्या झाडावरच वाळून तडकू लागल्या, की काढाव्यात. एका भेंडीत साधारणपणे 40 ते 50 बिया मिळतात; म्हणजे पुढील वर्षाची सोय झाली. शेजारी दुसऱ्या वाणाची भेंडी असेल, तर मधमाश्यांमुळे भेसळ होते. म्हणून उद्या उमलणाऱ्या कळीस आदल्या संध्याकाळी कागदाची पिशवी बांधावी आणि फळ धरताच त्यावर दोऱ्याची खूण करावी. बी चांगले वाळवून, राख मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. चवळी, दोडका, अंबाडी यांचे बी आजीबाईंनी असेच जपले होते. त्यांना कोणी शिकवावयास गेले नव्हते.

मृगाच्या सुमारास फुकट पुड्या वाटण्याचे कार्यक्रम थाटाने होतात. दिवाळीनंतर त्या परसात काय उरले, हे पाहावयास मात्र क्वचितच कोणी फिरकते. पंचायत सदस्यांनी पुडीबरोबर, ‘पुढल्या वर्षी मूठभर बी परत आणा’ एवढी अट घातली, तर वाटप दरवर्षी वाढत जाईल.

हे काम शाळेपासून सुरू करता येईल. शालेय पोषण परसबागांविषयी केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचना 2019 पासून आहेतच. पेरणीपूर्वी मुलांनी 20 बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवाव्यात, फडके सुकू देऊ नये आणि आठवडाभराने मोजावे. 15 उगवल्या, तर बी चांगले. 10 च उगवल्या, तर प्रत्येक जागी दोन-दोन बिया टोकाव्यात.