गोळीच्या आधी दोन कागद



परिषदेच्या स्वागताध्यक्षानं मांडव, पाणी आणि जेवण बघावं अशी आपल्याकडची रीत आहे. ते सगळं बघितलेलं आहे. दुपारी बाजरीची भाकरी आहे, ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी पोळीही आहे. २३ सप्टेंबर २०२२पासून नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे येते, हे मुद्दाम सांगतो, कारण तिच्यासाठी तीन पिढ्यांनी वाट पाहिली.

‘टायरोसिन कायनेज आणि हार्मोनवर पोसणारे कर्करोग’ हा विषय घेऊन आष्टीला परिषद कशाला, असं काहींनी विचारलं. त्यांना मी बार्शीचं नाव सांगितलं. जामखेड ओलांडलं की भूम-परंडा लागतं. बार्शी, भूम आणि परंडा या तीन तालुक्यांतल्या कर्करोगाची गावोगाव नोंद १९८७पासून होते आहे. ग्रामीण भागातली देशातली ती पहिली कर्करोग नोंदणी. पुढं उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायकांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यानं कमी होतात, हे त्यातून २००९ साली जगापुढं आलं. तेव्हा मोठं विज्ञान आपल्या शिवारात होत नाही, असं म्हणायला जागा नाही.

आजच्या विषयाचा धागा तर थेट मराठी घरात जातो. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, १९१७ साली पुण्यात जन्मल्या. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्राचे प्राध्यापक. पोरीनं डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा. ती गेली मुंबईला डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली संशोधन करायला. १९४९ला पीएच.डी. झाली, मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकून त्या परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांवर काम करताना स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, विषाणू आणि हार्मोन यांचा एकमेकांशी काय संबंध, हा प्रश्न त्यांनी धरला. हार्मोनचा प्रश्न एका मराठी बाईनं त्या काळात हाती घेतला, हे आमच्या कॉलेजातल्या पोरींना कळावं म्हणून आज त्यांचा फोटो व्यासपीठावर लावलेला आहे. त्याच बाईंनी पुढं नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणावर काम केलं. प्रयोगशाळा आणि पाडा यांच्यात त्यांनी भिंत घातली नाही.

आता माझ्या दुकानातली गोष्ट. मी बीएस्सी झालेला औषधविक्रेता. पुढं विद्वान बसलेले असताना कायनेज समजावणं हे धाडस आहे, पण मागच्या बाकांसाठी ते करतो. काही गाठी बाईच्या अंगातल्या इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढतात. हे नवीन नाही. ग्लासगोच्या बीटसननं १८९६ साली अंडाशयं काढून स्तनाची गाठ खाली बसल्याचं नोंदवलं. शिकागोच्या हगिन्सनं १९४१ साली पुरुषांच्या प्रोस्टेट कर्करोगात तेच तत्त्व दाखवलं. त्याला १९६६चं नोबेल मिळालं. मग इस्ट्रोजेनला अडवणारी टॅमोक्सिफेन आली, जी आजही आमच्या कपाटात स्वस्तातल्या गोळ्यांत गणली जाते.

पण काही गाठी टॅमोक्सिफेनला दाद देत नाहीत. का? पेशीच्या आवरणावर हर-टूसारखे ग्राहक, म्हणजे बाहेरचा निरोप पकडणारे रेणू, असतात. दोन ग्राहक जोडीनं आले की त्यांचा आतला भाग, म्हणजे कायनेज, टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लावर फॉस्फेट चिकटवतो, आणि ‘वाढ’ असा निरोप केंद्रकापर्यंत जातो. टायरोसिनवर असं फॉस्फेट बसतं हे १९७९ साली अमेरिकेत टोनी हंटर यांना दिसलं, तेही जुनं झालेलं बफर वापरल्यामुळं. ताजं असतं तर टायरोसिनवरचं फॉस्फेट वेगळं दिसलंच नसतं. आमच्याकडं महावितरणनं एक लाईन तोडली, तर शेजारच्या तारेवर आकडा टाकून मोटार चालू ठेवणारे आहेतच. हर-टू जास्त झालेली पेशी तेच करते. हार्मोनची तार तोडली तरी ती कायनेजच्या तारेवर आकडा टाकते, वर हार्मोनच्या ग्राहकालाही इस्ट्रोजेनशिवाय चेतवते. म्हणून दोन्ही तारा तोडाव्या लागतात. हार्मोनची तार तोडणाऱ्या लेट्रोझोलबरोबर कायनेज रोखणारं लॅपॅटिनिब देण्याला २०१०मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती याच समजेवर.

हर-टू जास्त असलेल्या गाठी अधिक घातक असतात, हे डेनिस स्लॅमन यांनी १९८७ साली दाखवलं आणि १९९८ला हर-टूवरचं औषध ट्रॅस्टुझुमॅब बाजारात आलं. शोधापासून औषधापर्यंत अकरा वर्षं लागली. किंमत आमच्या माणसाच्या आवाक्यात यायला त्याहून जास्त लागली. बंगळुरूच्या बायोकॉननं २०१४मध्ये आपलं ट्रॅस्टुझुमॅब आणलं. कायनेज रोखणाऱ्या गोळ्यांची कथा तर मुंबईतच घडली. सोराफेनिब ही यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरची गोळी महिन्याला दोन लाख ऐंशी हजारांची होती. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईतून पेटंट नियंत्रकांनी नॅटको कंपनीला, पेटंट दुसऱ्याचं असतानाही ती बनवण्याचा, सक्तीचा परवाना दिला आणि ती ८,८८० रुपयांवर आली. इमॅटिनिब या अशाच दुसऱ्या गोळीचं पेटंट सुप्रीम कोर्टानं १ एप्रिल २०१३ला नाकारलं. त्या लढ्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. विज्ञानानं गोळी दिली, कोर्टकचेरीनं ती गरिबाच्या हाती दिली, असं मी मानतो. इथल्या काही पाहुण्यांना हे पटणार नाही, चहाच्या वेळी भांडू.

खरी अडचण याच्याही अलीकडची आहे, आणि ती बीड जिल्ह्याचीच आहे. इथला कोयता, म्हणजे ऊसतोडीचं जोडपं, उचल घेऊन सहा महिने फडावर जातो. पाळीच्या दिवसांत खाडा नको, खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून गर्भपिशवी काढून घेणाऱ्या बायका तुम्ही वर्तमानपत्रांत वाचल्या असतील. २०१९ साली सरकारनं बीडमध्ये ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. यावर बोलणारे पुष्कळ झाले. मी त्यातला एकच मुद्दा तुमच्यासमोर ठेवतो, कारण तो या परिषदेच्या विषयाचा आहे.

अशा बाईला पुढं चाळिशीत स्तनाची गाठ आली. डॉक्टर विचारतात, पाळी येते का? ती म्हणते, कधीचीच बंद. आता तिची अंडाशयं शाबूत असतील तर इस्ट्रोजेन चालूच आहे. पाळी नाही ती पिशवी नाही म्हणून. लेट्रोझोलसारखी औषधं अंडाशयं थकल्यावरच नीट काम करतात. पाळी बंद एवढ्यावर एकटं लेट्रोझोल लिहिलं तर बाई इमानानं रोज गोळी घेईल आणि गाठीला तिचं इंधन मिळतच राहील. रक्तातली हार्मोनची तपासणी केली की खरं कळतं, पण ती करावी असं सुचायला आधी अंडाशयं ठेवली की काढली हे माहीत हवं. आणि ऑपरेशनचा कागद? तो फडावर भिजलेला असतो, नाहीतर त्यावर इंग्रजीत एक ओळ असते, जी घरात कुणी वाचत नाही.

दुसरा कागद गाठीच्या रिपोर्टचा. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू या तीन तपासण्यांशिवाय तुमची कुठलीच नेमकी गोळी लिहिता येत नाही. हर-टू दोन प्लस आला तर पुढची फिश तपासणीही लागते. पण आमच्याकडं गाठीचा तुकडा नातेवाईक एसटीनं नेतो. तो सलाइनच्या बाटलीत नेला, किंवा फॉर्मॅलिनमध्ये टाकायला उशीर झाला, तर ग्राहक दिसेनासे होतात आणि औषध लागू पडणाऱ्या बाईचाही रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. तासाभराच्या आत फॉर्मॅलिन, मग किमान सहा तास त्यातच आणि तीन दिवसांच्या आत पुढची प्रक्रिया, एवढं पाळायचं असतं. हे काम महागडं नाही. बाटली आणि चिठ्ठी आम्ही औषधविक्रेतेसुद्धा देऊ शकतो; तालुक्यातल्या बंधूंनी यात हात घालावा असं मी इथूनच सांगतो.

तेव्हा तज्ज्ञ मंडळी, दोन दिवस तुम्ही नव्या रेणूंवर चर्चा कराल, ती जरूर करा, आम्ही समजेल तेवढं ऐकू. पण जाण्याआधी दोन गोष्टींचा ठराव करून जा. गर्भपिशवीच्या प्रत्येक ऑपरेशनच्या कागदावर अंडाशयं ठेवली की काढली हे मराठीत, ठळक लिहावं. आणि गाठीच्या रिपोर्टची एक प्रत, तिन्ही तपासण्यांसकट, बाईच्या स्वतःच्या हाती द्यावी. ठरावाचा मसुदा दारापाशी टेबलावर ठेवला आहे. सही करूनच जेवायला चला.