‘बरं आहे’ म्हणण्याआधी

(महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी एका रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात समाजसेविका आहे. मूत्रपिंडं निकामी झाली की आठवड्यातून दोनदा-तीनदा, दर वेळी चारेक तास यंत्राला जोडून घ्यावं लागतं. रक्त बाहेर काढायचं, गाळायचं, परत शरीरात सोडायचं. डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ यांची इतकी सततची गाठ फार थोड्या आजारांत पडते. तरी त्या चार तासांत बाई बोलते किती? “कसं वाटतंय?” “बरं आहे.” संपलं.

आमच्याकडे पंचेचाळिशीच्या एक बाई यायच्या. त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम पुन्हा पुन्हा वाढलेलं यायचं. ते फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. डॉक्टर नवऱ्याला विचारायचे, “पथ्य पाळतात ना?” नवरा म्हणायचा, “हो.” नर्स बाईंवर रागवायची. आणि मी? ‘रुग्णाशी थेट बोला’ हे एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्याच वर्षी शिकलेली मी, खुर्ची मात्र नवऱ्यासमोर टाकून बसत होते. घरखर्च, कागदपत्रं, सगळी चौकशी त्याच्याकडे.

एकदा तो औषधं आणायला गेला असताना मी बाईंना सहज विचारलं, “काल काय काय खाल्लंत?”

“काही नाही हो. काल सोमवार, उपवास.”

“मग उपवासाला?”

बटाट्याचा कीस, रताळं, दोन केळी, दाण्याची आमटी. सगळे पोटॅशियमने भरलेले पदार्थ! सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी त्या जेवल्याच नव्हत्या. भाजी चिरून, उकडून पाणी फेका, हे आम्ही त्यांना सांगितलं होतं आणि त्या ते इमानाने करत होत्या. उपवासाचं आम्ही कधी विचारलंच नव्हतं. मग आहारतज्ज्ञांनी त्यांच्याशी बसून, उपवास न मोडता ताटातलं काय बदलायचं ते ठरवलं. पुढच्या तपासण्यांत आकडा खाली आला. नवं औषध काही दिलं नव्हतं. एक प्रश्न थेट त्यांना विचारला होता, इतकंच.

बाई गप्प का राहते, हे तुम्हाला मी सांगायला नको. आधीच आपल्यापायी घर खर्चात पडलंय, त्यात आणखी तक्रार कशाला? डॉक्टर घाईत. त्यात तंत्रज्ञ पुरुष. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपारिन नावाचं औषध देतात. त्याने मासिक पाळीत रक्तस्राव वाढू शकतो. नर्सला आधी कळलं तर डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करता येते. पण हे सांगायचं कुणाला, या लाजेपायी बायका अशक्त होत जातात.

म्हणून काही गोष्टी सांगायच्याच. पाळी सुरू आहे. पाय सुजलेत, रात्री आडवं पडलं की धाप लागते. अंगदुखीवर दुकानातून गोळी आणली, कुणी भस्म दिलं, काढा दिला. यातलं बरंच मूत्रपिंडाला घातक ठरू शकतं. हातावर फिस्टुला केला असेल, तर त्या हाताने कळशी उचलायची नाही, त्यात घट्ट बांगड्या घालायच्या नाहीत, त्यावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही. “या हातावर नको” असं डॉक्टरलाही सांगायचा आपल्याला हक्क आहे. तिथली थरथर रोज बोटांनी बघायची. थांबली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. आणि एसटीच्या भाड्याला पैसे नव्हते म्हणून डायलिसिस चुकलं असेल, तर तेच कारण सांगा. ‘निष्काळजी’ असा शेरा बसण्यापेक्षा ते बरं. त्यावर वाट शोधणं माझं काम आहे.

आता दुसरी बाजू. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेने २०२३ मध्ये सांगितलेले आकडे पाहा. १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणं झाली. त्यांतली बायकांना मिळालेली फक्त ६,९४५. मात्र जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकाच जास्त! मूत्रपिंड द्यायला आई, बायको, बहीण पुढे. प्रेमाने देणारीला माझा सलामच. पण “घरचे म्हणतात म्हणून” आलेलीने काय करायचं? २०१४ च्या नियमांनुसार दाता स्त्री असेल, तर तिची ओळख आणि स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पक्की करून घ्यावी लागते. तेव्हा “मला एकटीला बोलायचंय” हे तीन शब्द तिला आधीच माहीत हवेत.

शेवटची एक विनंती. मारहाण झालेल्या बाईबरोबर आपण पोलीस चौकीत जातो. तिच्या वतीने बोलायला नाही, तिला बोलता यावं म्हणून जातो. तसंच वस्तीतल्या आजारी मैत्रिणीबरोबर रुग्णालयातही जाऊ या. आदल्या रात्री तिचे तीन प्रश्न वहीत लिहू. तिला लिहिता येत नसेल, तर आपण लिहू आणि तिला वाचून दाखवू. डॉक्टर नवऱ्याकडे बघून बोलू लागले, तर शांतपणे म्हणू, “डॉक्टर, पेशंट या आहेत.” आणि खुर्ची तिच्यासमोर ओढू.