चुलीवरच्या जेवणाचा हिशेब

(नालवाडी, जि. वर्धा येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



शहरातले एक सुस्थित कुटुंब रविवारी मोटारीने बाहेर पडते. महामार्गाच्या कडेला एक नवे उपाहारगृह लागते. सारवलेल्या भिंती, दाराशी रंगवलेली बैलगाडी, फेटे बांधलेले वाढपी आणि ‘चुलीवरचे अस्सल गावरान जेवण’ अशी पाटी. अर्ध्या तासाने ताट येते. भाकरी गार आणि वातड, ठेचा मिक्सरमधून काढलेला, पिठल्यावर तेलाचा तवंग, वांग्याच्या भाजीला तयार मसाल्याची चव. घरची आजी दोन घास खाऊन ताट बाजूला सारते. बिल मात्र चौघांचे दोन हजारांच्या घरात जाते. असा अनुभव आता महाराष्ट्रात नवलाचा राहिलेला नाही.

ही तक्रार पोटभर खाणाऱ्यांची. तिच्याशी समाजवादी कार्यकर्त्याला काय कर्तव्य, असे कुणी विचारील. तथापि ते ताट का फसले याचा शोध घेतला, तर तो थेट शेतापर्यंत आणि मजुरीपर्यंत जाऊन पोचतो.

ज्वारीच्या पिठात गव्हाचा चिकटपणा नसतो. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. तव्यावरून उतरताच ती खाल्ली नाही, तर तिची गोडी जाते. म्हणजे चांगल्या भाकरीसाठी ताजे दळण आणि तव्यापाशी बसलेले कसबी हात, हे दोन खर्च अटळ आहेत. अशा ठिकाणी नेमकी याच दोन खर्चांत काटकसर होते. देखाव्याच्या खर्चात होत नाही.

आता आकडे पाहू. २०२४-२५ साली संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये होता. एका भाकरीला शंभर ग्रॅम पीठ धरले, तर पिकवणाऱ्याचा वाटा होतो ३ रुपये ३७ पैसे; तोही हमीभाव पदरात पडला तर. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दराने दिवसाला शंभर भाकऱ्या थापणाऱ्या बाईला भाकरीमागे तीन रुपयेही मिळत नाहीत. भाकरी ४० रुपयांना विकली जाते असे समजू. पिकवणारा आणि थापणारी, दोघांना मिळून साडेसहा रुपयेदेखील पोचत नाहीत. वर पाच टक्के कर धरला, तर सरकारच दोन रुपये घेऊन जाते. विदर्भातल्या शेतकऱ्याने ज्वारी सोडून सोयाबीन धरले, याचे मग आश्चर्य का वाटावे?

हा हिशेब मांडावयास नालवाडीसारखे दुसरे स्थळ नाही. १९३२च्या डिसेंबरात विनोबा येथे राहावयास आले आणि सूतकताईच्या मजुरीवरच निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनी येथे केला. ताटात काय पडावे, हे सुताने ठरवावयाचे. कातणारणीला दिल्या जाणाऱ्या दरात माणूस जगू शकतो काय, हे त्यांनी स्वतःच्या पोटावर तपासून पाहिले. १९३५ साली गांधीजींनी आठ तासांच्या कताईला आठ आणे हा निर्वाहवेतनाचा आदर्श चरखा संघापुढे ठेवला. मजुरी वाढवली तर खादी महागेल, हा आक्षेप आलाच. तरीही मजुरी वाढवण्याची दिशा पत्करली गेली. ती खादी महाग का, याचे उत्तर घेणाऱ्याला देता येत होते.

दुसरे टोकही महाराष्ट्राने पाहिले आहे. १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देऊ केली. गरिबाला स्वस्त अन्न हवेच. पण तेवढ्याने ज्वारी पिकवणाऱ्याचा प्रश्न सुटला नाही. एक रुपयाच्या आणि चाळीस रुपयांच्या भाकरीत पिकवणारा सारखाच विसरला गेला.

भाकरी महाग विकणे हा अपराध नव्हे. वाढीव किंमत वाटेत अडते, हा अन्याय आहे. जिच्या धुराने पिढ्यान्‌पिढ्या बायकांची छाती पोखरली, ती चूल आता शोभेची वस्तू झाली आहे. तिच्यापुढे दिवसभर बसणाऱ्या बाईला धुराडे आहे काय, हजेरीपत्रकावर तिचे नाव आहे काय, तिला किमान वेतन मिळते काय, हे गिऱ्हाइकाने विचारावे. ज्वारी कुणाकडून आणि कोणत्या भावाने घेतली, हेही विचारावे. कार्यकर्त्यांनी त्याच्याही पुढे जावयास हवे. बचत गटांतील स्त्रिया आणि ज्वारी पिकवणारे शेतकरी यांची थेट गाठ घालून देणे, हे काम या तालुक्यात उद्यापासून सुरू करता येण्याजोगे आहे. दळण ताजे असेल आणि थापणारीला पुरती मजुरी मिळत असेल, तर भाकरीही चांगली होईल आणि आजीला ताट बाजूला सारावे लागणार नाही.